शाळा शिकवते, घर जगवते

१८९३ साली डग्लस हाइड प्रभृतींनी ‘गेलिक लीग’ स्थापून आयरिश भाषेच्या पुनरुत्थानाचे व्रत घेतले. १९२२ साली आयरिश मुक्त राज्य अस्तित्वात आले आणि ती शाळांतून अनिवार्य झाली. १९३७ च्या राज्यघटनेने तिला प्रथम राजभाषेचा मान दिला. हाइड पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. फलित काय? २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आयरिश येते असे सांगितले. शिक्षणाबाहेर ती रोज बोलणारे मात्र जेमतेम ७२ हजार! फ्रेंच, जर्मन हे तर ऐच्छिक विषय. दोष त्यांचा नव्हे. बाजार इंग्रजीत, घरही इंग्रजीत, आयरिश तेवढी परीक्षेपुरती. शासन भाषेला सिंहासन देऊ शकते, श्वास नव्हे. तो आईच्या हाकेतूनच मिळतो.