समाजशास्त्राचा प्रकल्प आपल्या वस्तीतून

‘कुटुंब म्हणजे काय?’ या प्रश्नाचं उत्तर समाजशास्त्राचे कितीतरी विद्यार्थी नोट्स पाठ करून लिहितात. बीडमध्ये तर वर्गातल्याच कुणाचे आईवडील दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात गेलेले असतात. घरी आजी आणि धाकटी भावंडं. हे कुटुंब उत्तरपत्रिकेत यायला हवं.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला क्षेत्रप्रकल्प आला आहे. असं कुटुंब अभ्यासात आणायची फार मोलाची संधी आहे ही. पण दुसऱ्याचाच प्रकल्प उतरवून काढला, तर हाती काय लागणार? स्वतः लोकांत जायला हवं, आणि त्याची उदाहरणं आपल्यापुढे आहेत. १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग सांभाळणाऱ्या डॉ. गो. स. घुर्ये यांनी विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्याला लावलं. त्यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे नातेसंबंधांचा अभ्यास करत देशभर हिंडल्या.

विद्यार्थ्यांनो, विषय लहान घ्या. ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ हा नको. आपल्या वस्तीतल्या दहा घरांत उचल, म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम, कुणाच्या हाती पडते, त्याच्याशी व्यवहार कोण ठरवतं, एवढंच विचारा. आधी परवानगी घ्या, लिहिताना नावं बदला. घरातली बाई जे बोलली ते तिच्याच शब्दांत, त्याच संध्याकाळी उतरवा. तुमचं मत वेगळ्या परिच्छेदात. मग पुस्तकातली व्याख्या शेजारी ठेवा आणि ती कुठे जुळत नाही ते लिहा. प्राध्यापकांनीही गुण देताना पानं मोजण्याआधी हाच भाग वाचावा.