तुला नेमकं काय होतं, बाई?

 

आजचा विषय असा आहे, की त्याबद्दल आपण कुजबुजतो, उघड बोलत नाही. एखादीला घरात कुणी नसताना आवाज ऐकू येतो. एखादीला गेलेलं माणूस ओसरीवर बसलेलं दिसतं. एखादीच्या अंगात येतं. एखादी आरशापुढं उभीच राहत नाही, कारण हे शरीर तिला आपलं वाटत नाही. अशा बाईबद्दल गावात दोन निकाल तयार असतात. एक, ‘तिला बाहेरचं लागलंय’. दुसरा, ‘तिचं डोकं फिरलंय’. निकाल देताना तिला मात्र कुणी विचारत नाही, की बाई, तुला नेमकं काय होतं? आज मला एकच सांगायचंय. निकाल द्यायच्या आधी तिला विचारायचं, आणि ती सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं.

माणसाला समोर बसवून त्याचा अनुभव त्याच्याच शब्दांत ऐकायचा आणि त्यातून शिकायचं, ही मानसशास्त्रातली एक रीत आहे. तिला गुणात्मक संशोधन म्हणतात. नाव जड आहे, काम साधं आहे. शेजारच्या बीड जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. २०१९ साली तिथं ऊसतोडीला जाणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा फार मोलाचा, कारण त्यामुळं सगळ्यांचे डोळे उघडले. पण आकडा किती ते सांगतो. पिशवी काढल्यावर त्या बाईला रात्री काय वाटतं, ते आकड्यात येत नाही. एखादीला सुटल्यासारखं वाटतं. एखादीला आत पोकळी झाल्यासारखं वाटतं. ‘आता मी बाई राहिले का?’ हा प्रश्न ती कुणाला विचारत नाही. नवऱ्याजवळ जायला नको वाटतं, अंगाची आग होते, झोप उडते, उगाच रडू येतं. घरचे म्हणतात, आता पाळीची कटकट गेली, मग हिला झालंय काय? तिला कुणी विचारलं, तरच ते कळेल.

आता आवाजांकडं येऊ. आपल्या जिल्ह्यात अशी घरं आहेत, जिथं घरच्या माणसानं कर्जापायी, नापिकीपायी जीव दिला. लोहारा, उमरगा भागात ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपानं कुटुंबंच्या कुटुंबं नेली. मागं राहिलेल्या एखाद्या बाईला संध्याकाळी नवऱ्याची हाक ऐकू येते. त्याच्या विडीचा वास येतो. ती घाबरते आणि गप्प बसते. बोलली तर लोक भगताकडं नेतील, नाहीतर वेडी म्हणतील.

त्या बाईसाठी एक गोष्ट सांगते. दूर वेल्समध्ये डेवी रीस नावाचे खेड्यापाड्यांत काम करणारे डॉक्टर होते. त्यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा आणि विधुरांना भेटून हाच प्रश्न विचारला. १९७१ साली त्यांनी ते छापलं. जवळजवळ निम्म्यांनी सांगितलं, की गेलेला जोडीदार आसपास असल्याचं जाणवतं. काहींना तो दिसला होता, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता. पुष्कळांना त्यातून आधारच वाटत होता. आणि बहुतेकांनी डॉक्टरांनी विचारेपर्यंत हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. म्हणजे कुठलं वेल्स आणि कुठला आपला परंडा, पण नवरा गेलेल्या बाईची गप्प बसण्याची तऱ्हा सारखीच. मैत्रिणींनो, जीव लावलेलं माणूस गेल्यावर त्याची हाक ऐकू येणं हा पुष्कळदा दुःखाचाच एक भाग असतो. तेवढ्यावरून कुणाला बाधा झाली असंही होत नाही आणि वेड लागलं असंही होत नाही.

नेदरलँड्समध्ये पॅटसी हेग नावाच्या बाईंना आवाज ऐकू यायचे. त्यांनी आपले डॉक्टर मारियस रोम यांना धरलंच, की औषध द्या, पण आवाज काय म्हणतात तेही ऐका. १९८७ साली दोघांनी टीव्हीवर लोकांना आवाहन केलं. सुमारे ७०० जणांचे फोन आले. त्यातल्या ४५० जणांना आवाज ऐकू येत होते. आणि त्यातले दीडशे म्हणाले, की आम्ही आवाजांसोबत आमचं आयुष्य नीट चालवतोय. डॉक्टरांनाही हे नवीन होतं. त्यानंतर देशोदेशी आवाज ऐकणाऱ्यांचे गट झाले. आपला बचत गट जसा गोल करून बसतो, तसेच ते बसतात आणि एकमेकांना विचारतात, तू काय करतेस, तुला कशानं बरं वाटतं?

अमेरिकेतल्या तान्या लुहरमन या बाईंनी आणखी एक काम केलं. अमेरिका, आफ्रिकेतला घाना आणि आपलं चेन्नई, अशा तीन ठिकाणी प्रत्येकी वीस जणांशी त्या आणि त्यांचे सहकारी बोलले. हे सगळे दवाखान्यात एकाच मोठ्या मानसिक आजाराचं निदान झालेले लोक. अमेरिकेत आवाज पुष्कळदा मारण्याच्या, छळाच्या गोष्टी बोलत. चेन्नईत निम्म्याहून अधिक लोकांना घरच्यांचे, नात्यातल्यांचे आवाज येत. ते आवाज काय सांगत? अंघोळ कर, स्वयंपाकाला लाग. रागावतही आणि समजावतही. आजार तोच, पण आवाजाला बोली मिळते ती आपल्या घरादाराची. म्हणून ‘काळी’, ‘पांढऱ्या पायाची’, ‘वांझोटी’, ‘बाळंतपणात पोट सुटलंय बघ’ असले शब्द बाईच्या कानावर टाकताना दहा वेळा विचार करा. बोलणारी विसरून जाते. ऐकणारी तेच शब्द घेऊन रात्रभर जागते.

आता अंगात येण्याबद्दल. आपल्याकडं नवरात्रात तुळजापूरला, चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या यात्रेत, आराधी मेळ्यात संबळ वाजला की बाया घुमायला लागतात. एखादी घुमली, शांत झाली, प्रसाद घेतला आणि दुसऱ्या दिवशी खुरपायला गेली, तर तिला आजारी म्हणायचं कारण नाही. पण व्हिएडा स्कल्टन्स या संशोधक बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहून जे पाहिलं, ते मनात ठेवण्यासारखं आहे. घरात कुणी मनानं आजारी पडलं, की त्याची आई किंवा बायको त्याला घेऊन मंदिरात येई. आणि ती बाईच घुमायला लागे. का? तर माझ्या माणसाचं दुखणं माझ्यावर येऊ दे, त्याला मोकळं कर, म्हणून. हे १९८७ साली छापून आलंय. दुखणं दुसऱ्याचं आणि ते सोसायला ही. तिला विचारल्याशिवाय हे कळलं असतं का? मग मला सांगा, जी सगळ्यांचं अंगावर घेते, तिचं कोण घेतं?

जटेचंही तसंच. केसांचा गुंता झाला, घट्ट झाला, की देवीची जट म्हणून कापायची नाही. मान अवघडते, उवा होतात, उशीवर डोकं टेकवत नाही. लोक पाया पडतात आणि तीच बाई लग्नकार्यात मागं मागं राहते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नंदिनी जाधव यांनी महाराष्ट्रात शेकडो बायांच्या जटा सोडवल्या आहेत. कात्री चालवण्याआधी बाईशी आणि घरच्यांशी बोलावं लागतं, भीती काढावी लागते. तिथंही पहिलं काम विचारण्याचंच.

मग विचारायचं कसं? चारचौघीत नको. दळण आणायला जाताना, शेंगा फोडताना, दोघीच असताना विचारा. ‘काय ऐकू येतं? कुणाचा आवाज वाटतो? कधीपासून? त्याच्या आधी घरात काय घडलं होतं? भीती वाटते का धीर येतो? कशानं कमी होतं?’ एवढं पुरे. ‘असं काही नसतं गं’ म्हणू नका, कारण तिला ते खरंच ऐकू येतंय. ‘हो हो, मलाही दिसतंय’ असंही म्हणू नका. ‘तुला होतंय ते मी ऐकतेय’ इतकंच म्हणा. आणि तिनं सांगितलेलं पाणवठ्यावर नेऊ नका.

ऐकणं हे पहिलं पाऊल आहे, उपचाराच्या जागी ते चालत नाही. काही खुणा दिसल्या, की थांबायचं नाही. आवाज ‘जीव दे’ किंवा ‘त्याला मार’ म्हणत असेल. बाई जेवत नसेल, रात्ररात्र झोपत नसेल, सगळ्यांवर संशय घेत असेल. जोराचा ताप असून बरळत असेल. घरातला माणूस रोजची दारू एकदम बंद झाल्यावर थरथरत असेल आणि त्याला नको ते दिसत असेल. अशा वेळी त्याच दिवशी दवाखाना. आणि बाळंतीण! हजार बाळंतिणींमागं एक-दोघींना पहिल्या दोन आठवड्यांत फार गंभीर आजार होतो. झोप उडते, भलतंसलतं बोलते, बाळाबद्दल विचित्र बोलते. उतारा उतरवत बसू नका. बाळाला आणि तिला एकटं सोडू नका. तातडीनं दवाखान्यात न्या. वेळेवर उपचार झाले तर अशा बाया चांगल्या बऱ्या होतात.

कायदाही तुमच्या बाजूनं आहे. भूत उतरवायच्या नावाखाली बांधून घालणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मनाच्या आजारासाठी सरकारी उपचार मिळणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं प्रत्येकीचा हक्क आहे, आणि आजारी माणसाला साखळीनं बांधायला त्यात बंदी आहे. देवीला नमस्कार करा, ओटी भरा, त्याला दवाखान्याची आडकाठी नाही. औषध चालू असेल तर मात्र ते मनानं बंद करू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात जा, जिल्हा रुग्णालयात जा. जाता येत नसेल तर फोन लावा. टेली-मानस, नंबर १४४१६. पुन्हा सांगते, एक, चार, चार, एक, सहा. रात्री-बेरात्री कधीही लागतो आणि पैसे पडत नाहीत.

पुढच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, की वही मिटायच्या आधी एक काम करा. गटातली कोण दोन-तीन बैठकांपासून आलेली नाही, ते बघा. आणि तिच्या घरी दोघींनी जाऊन या. दंड मागायला नाही, बसायला. चहा होईपर्यंत तिला विचारा, ‘बाई, तुला नेमकं काय होतं?’