जूनचा अहवाल आणि जुलैचा गाळ



गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींविषयी बोलताना 'कायदाच नव्हता' असे म्हणण्याची सोय कोणालाही नाही. कायदे होते, मंडळे होती, परवानापत्रांत अटीही होत्या. प्रश्न आहे तो त्या अटी पाळल्या जातात की नाही, हे पाहतो कोण, हा.

२००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार अटींच्या पूर्ततेचा सहामाही अहवाल खाणमालकानेच द्यायचा असतो. तारखा १ जून आणि १ डिसेंबर. आता हिशेब पाहा. गोव्यात एक टन खनिजासाठी सुमारे अडीच-तीन टन माती उपसावी लागते आणि तिचे डोंगर गावाच्या माथ्यावर उभे राहतात. जूनचा अहवाल लिहिला जातो तो पावसाच्या तोंडावर, ढिगारा कोरडा असताना. लाल गाळ भातशेतीत उतरतो जुलैत. डिसेंबरचा अहवाल येईपर्यंत वाया गेलेला हंगामही सरलेला असतो!

२०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील खाणकाम थांबवले. २०१४ च्या निकालाने सांगितले की पट्ट्यांची मुदत नोव्हेंबर २००७ मध्येच संपली होती. म्हणजे पुढची पाच वर्षे उत्खनन बेकायदेशीरच चालले. तरीही सरकारने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, ते फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द झाले आणि मार्चमध्ये काम पुन्हा बंद पडले. कायदा मोडणाऱ्यांनी नफा आधीच पदरात पाडला होता. घरी बसला तो खाणकामगार. हप्ते थकले ते ट्रकवाल्याचे. मग शेतकरी आणि कामगार यांना एकमेकांसमोर उभे करणे सोपे गेले. आपणही वेतनाच्या वाटाघाटी केल्या, पण परवान्याच्या अटी कधी मागवून वाचल्या का? मी तरी वाचल्या नव्हत्या.

डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचा लिलाव सुरू झाला आहे. मालक नवे असतील, अहवालाची रीत जुनीच आहे. मात्र हे अहवाल सार्वजनिक दस्तऐवज आहेत आणि अर्ज करणाऱ्याला ते मिळाले पाहिजेत, असे तीच अधिसूचना म्हणते. तेव्हा प्रत्येक खाणगावात अर्ज जाऊ द्या. अहवाल ग्रामसभेत मराठी-कोकणीतून मोठ्याने वाचला जावा. ढिगारे आणि ओढे यांची पाहणी भर पावसात, शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या देखत व्हावी. आणि मालकाने नियम मोडल्यामुळे खाण बंद पडली, तर बंद काळाचे वेतन मालकाने द्यावे, ही अट पट्ट्याच्या करारातच घालून घ्यावी. पुढची ग्रामसभा पावसाळ्यापूर्वी आहे.