प्रकाशाची चाल आणि शाळेचे पटांगण



पाठ्यपुस्तकातील चित्रात सूर्य व ग्रह शेजारी शेजारी काढलेले असतात. पानाच्या मर्यादेमुळे ते अपरिहार्य आहे; परंतु तेच चित्र मुलाच्या मनात ठसले, तर सूर्यमालेतील खरी अंतरे त्यास उमगत नाहीत. ही दुरुस्ती पटांगणातच होऊ शकते.

१४ सेंटिमीटर व्यासाचा मातीचा गोळा सूर्य मानावा. त्या प्रमाणात पृथ्वी मोहरीच्या दाण्याएवढी ठरते व १५ मीटरांवर येते. गुरू लहानशा बोराएवढा, ७८ मीटरांवर. नेपच्यून सुमारे ४५० मीटरांवर, म्हणजे बहुधा शिवारात!

प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे ३ लक्ष किलोमीटर आहे. या मापात तो सेकंदास ३ सेंटिमीटर, म्हणजे मुंगीची चाल, इतकाच उरतो.

प्रकाशास प्रवासाला वेळ लागतो, हे १६७६ साली पॅरिस येथे ओले रोमर या डॅनिश ज्योतिर्विदाने दाखविले. पृथ्वी गुरूपासून दूर जात असता गुरूच्या आयो या उपग्रहाची ग्रहणे उत्तरोत्तर उशिरा दिसत. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशास २२ मिनिटे लागतात, असे त्याने काढले. खरा काळ सुमारे १६ मिनिटे ४० सेकंद आहे. आकडा चुकला, विचार मात्र खरा ठरला.

मुलांनी गोळ्यापासून दाण्यापर्यंत मुंगीच्या चालीने जावे व शिक्षकांनी घड्याळ धरावे. ८ मिनिटे २० सेकंद लागतील. सूर्यप्रकाशासही पृथ्वीवर येण्यास तितकाच वेळ लागतो.