दुधनीचा काळा कातळ आणि इरिडियम



सिल्वासाहून दुधनीला जाताना रस्त्यासाठी फोडलेल्या टेकड्यांकडे जरूर पाहा. मधुबन जलाशयाभोवतीचा हा काळा कातळ दख्खनच्या लाव्ह्याचा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला. त्याच सुमारास अवकाशातून एक लघुग्रह पृथ्वीवर आदळला आणि डायनोसॉरही संपले. त्याची साक्ष दिली ती इरिडियम या धातूने.

इरिडियम प्लॅटिनमच्या कुळातले. 1803 साली स्मिथसन टेनंट यांनी ते शोधले. घन सेंटिमीटरला वजन साडेबावीस ग्रॅम, शिशाच्या जवळजवळ दुप्पट. वितळायला 2446 अंश सेल्सिअस लागतात. सोने विरघळवणारे आम्लराजही त्याच्या अखंड तुकड्यापुढे हात टेकते. पण ते ठिसूळ, घडवायला अवघड. म्हणून बहुधा मिश्रधातूतच वापरतात. 2019पर्यंत जगाच्या वजनमापांचा आधार असलेला पॅरिसजवळचा प्रमाण किलोग्रॅम 90 टक्के प्लॅटिनम आणि 10 टक्के इरिडियमचा आहे. त्याची 57 क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे.

मला मात्र त्याचे दुर्मीळपण अधिक मोलाचे वाटते. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा लोखंड गाभ्याकडे बुडाले आणि इरिडियमही त्याच्यासोबत गेले. वरच्या कवचात अब्ज भागांत जेमतेम एखादा भाग उरला. अनेक उल्कापाषाणांत ते शेकडो पटींनी जास्त असते. इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळचा त्याच काळातला मातीचा एक पातळ थर साचायला किती काळ लागला, हे लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांना मोजायचे होते. अवकाशातली धूळ सावकाश पडत राहते, तिच्यातल्या इरिडियमवरून हिशेब करू, असा त्यांचा बेत. निघाले अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त! एवढे इरिडियम एकदमच आले असणार, म्हणजे मोठा आघात झाला असणार, असे त्यांनी 1980 साली सहकाऱ्यांसह मांडले. पुढे मेक्सिकोत त्या आघाताचे, चिक्शुलूबचे प्रचंड विवरही ओळखले गेले.

आता आपल्याकडे या. कच्छमध्ये अंजारजवळ दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात नरेंद्र भंडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 1990च्या दशकात इरिडियमचे पातळ थर सापडले. खाली लाव्हा, वरही लाव्हा. आघाताआधीच दख्खनचे ज्वालामुखी पेटलेले होते, असा अर्थ त्यांनी लावला. त्यावर मतभेद झाले. डायनोसॉर संपवण्यात आघाताचा वाटा किती आणि लाव्ह्याचा किती, हा वादही मिटलेला नाही.

अशा गाळात आणखी पुरावा दडलेला असू शकतो. म्हणून दगडखाणीत किंवा रस्त्याच्या खोदकामात दोन काळ्या थरांमध्ये गाळाचा पट्टा दिसला, तर तो फोडण्याआधी जवळच्या महाविद्यालयातल्या भूशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावून दाखवा.