यंत्राकडून स्वतःच्या श्वासाकडे
(मंठा येथील देणगीदार व रुग्णकुटुंब मेळाव्यात केलेले भाषण)



अतिदक्षता विभागाबाहेर आम्हांला वारंवार एकच प्रश्न विचारला जातो : "मशीन केव्हा निघेल?" त्याचे उत्तर आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

मण्यारीचा दंश, फवारणीच्या औषधाची विषबाधा किंवा २०२५ च्या आरंभी पुण्यात ज्याची साथ आली तो गिलन-बारी सिंड्रोम, यांत श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि व्हेंटिलेटर प्राण राखतो. तो दीर्घकाळ लागणार असे दिसल्यास गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसवतात, हीच ट्रॅकिऑस्टॉमी. अनेक कुटुंबांना हा आशेचा शेवट वाटतो. वस्तुतः या नळीमुळे गुंगीची औषधे कमी करता येतात, कफ काढणे सुलभ होते आणि रुग्णाला उठवून बसवता येते. यंत्रातून सुटण्याची वाट येथूनच सुरू होते.

मात्र आयत्या श्वासाने स्नायू दुबळे होतात. त्यांना पुन्हा राबवावे लागते. संसर्ग आटोक्यात आला, प्राणवायूची गरज घटली, की रुग्णाला दिवसा यंत्रापासून थोडा वेळ दूर ठेवतात आणि रात्री विसावा देतात. धाप वाढली, घाम फुटला, तर पुन्हा यंत्र लावतात. ही हार नव्हे, त्या दिवसापुरता थांबा होय.

अमेरिकेतील एका रुग्णालयाचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. तेथे आलेल्या अशा ५०० रुग्णांपैकी १६० जण पहिल्याच चाचणीत सलग पाच दिवस यंत्राविना राहिले. उरलेल्यांपैकी ज्यांना यंत्र काढून नळीतून स्वतः श्वास घेण्याचा सराव दिला, ते साधारण १५ दिवसांत सुटले. यंत्राचा जोर हळूहळू कमी केलेल्यांना १९ दिवस लागले. अर्थात, यंत्र काढून शेजारी लक्ष ठेवणारे माणूस हवे.

१९५२ च्या पोलिओ साथीत कोपनहेगनला सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशवी दाबून गळ्यातील नळीवाटे रुग्णांना श्वास दिला. आज यंत्रे आहेत; उणीव आहे ती त्या हातांची.

मंठ्याहून जालना वा छत्रपती संभाजीनगर गाठणाऱ्या कुटुंबाची मजुरी बुडते, शेत पडून राहते. त्यांच्यासाठी यंत्रावरचा प्रत्येक वाचलेला दिवस मोलाचा आहे. म्हणून देणगीदारांना आमची विनंती आहे, की नव्या यंत्राइतकाच परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांच्या वेतनाला हातभार लावावा. नळीसह घरी जाणाऱ्यांसाठी कफ ओढण्याचे यंत्र, जादा नळी आणि नातेवाइकांचे प्रशिक्षण हेही तितकेच निकडीचे आहे.

प्रत्येक रुग्ण यंत्रातून सुटेलच, असे वचन आम्ही देत नाही. परंतु सुटू शकणारा एकही रुग्ण केवळ माणूसबळाअभावी अडकून राहू नये, एवढा संकल्प आपण मिळून करू या.