हत्यारांच्या पेटीवरील कामफळी
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



आपल्या अनेक शाळांच्या जडसंग्रह नोंदवहीत हत्यारांची पेटी ही एक बाब असते. पेटी उघडून पाहावी, तो करवतीचे दात नवेकोरे, हातोडीचा दांडा स्वच्छ आणि पटाशीला धारच लावलेली नाही. तपासणीच्या दृष्टीने ही स्थिती उत्तम खरी. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने ती चिंताजनक होय. हत्यार झिजले नाही, याचा अर्थ मुलाचा हात घडला नाही.

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेल्या शिक्षणाची योजना आखली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, कारागिरांच्या सान्निध्यात शिकण्यासाठी सांगितले आहेत. विचार जुना आहे, मान्यही आहे. मग अडते कोठे? पुष्कळदा अगदी लहान गोष्टीशी अडते. काम करावयास जागा नसते. फरशीवर ठोकावे तर फरशी तडकते. बाकावर कापावे तर बाक खराब होते. पेटीच्या झाकणावर ठोकावे तर पत्रा चेपतो. यास्तव पेटीवरच ठेवता येईल अशी एक स्वस्त कामफळी कशी करावी, ते आज सांगतो.

आपली पेटी सुमारे ८० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि सपाट झाकणाची आहे, असे धरू. तिच्यासाठी १८ मिमी जाडीच्या प्लायवूडची ९० × ४५ सेंमी फळी पुरते. प्लायवूडचा तक्ता २४४ × १२२ सेंमीचा असतो. त्याच्या लांबीच्या बाजूने ४५ सेंमीचे पाच भाग पाडले, तर पाच शाळांच्या पाच फळ्या निघतात. शिवाय ३२ सेंमी रुंदीचा लांब पट्टा शिल्लक राहतो. म्हणून पाच शाळांनी मिळून एकच तक्ता घ्यावा व सुताराकडून एकदाच कापून आणावा. यात खर्चाची बचत आहेच, सहकार्याचा धडाही आहे.

उरलेल्या पट्ट्यातून फळीच्या खालच्या अंगास लावावयाच्या पट्ट्या काढाव्यात. आखूड बाजूंना ४ सेंमी रुंदीच्या व लांब बाजूंना २ सेंमी रुंदीच्या पट्ट्या झाकणाच्या बाहेरून बसतील अशा लावल्या, म्हणजे फळी सरकत नाही. कडी व बिजागऱ्या येतात तेथे पट्टी तोडून जागा सोडावी. झाकण व पट्टी यांत दोन मिलिमीटर फट ठेवावी. पावसाळ्यात लाकूड फुगले तरी फळी अडकत नाही. पट्टीला अगोदर बारीक भोके पाडून लाकडाच्या डिंकासह ३० मिमी लांबीचे स्क्रू पिळावेत. पट्टी व फळी मिळून जाडी ३६ मिमी होते, तेव्हा स्क्रूचे टोक वर येत नाही.

फळीच्या माथ्यावर ३ मिमी हार्डबोर्डचा तुकडा बसवावा. तो डिंकाने चिकटवू नये. कोपऱ्यांत चार स्क्रू माथा बुडेपर्यंत पिळावेत. या कामफळीचे मर्म येथेच आहे. हा तुकडा खराब होण्यासाठीच आहे. त्यावर करवत लागेल, खिळा रुतेल, डिंक सांडेल. एक बाजू गेली की उलटावा, दुसरी गेली की बदलावा. ज्या पृष्ठभागाला जपावे लागते, त्यावर मूल भीत भीत काम करते. आणि भिणारा हात शिकत नाही.

प्लायवूडला दोन्ही बाजूंनी आणि विशेषतः कडांना उकळलेले जवसाचे तेल सारखे चोळावे. एकाच बाजूस लावल्यास फळी वाकते. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. तो पाण्यात भिजवावा किंवा उघड्यावर पसरून वाळवावा.

ही फळी झाकणाला कायमची जोडावी, असे काहींना वाटेल. तसे करू नये. तिचे वजन बरेच भरते. एवढे जड झाकण लहान बोटांवर पडणे धोक्याचे. आधी हत्यारे मोजून बाहेर काढावीत, मग दोन मुलांनी फळी मांडावी. काम संपल्यावर हाच क्रम उलटा. जोराने ठोकणे कडेलगत, पेटीच्या उभ्या भिंतीवर करावे, मध्यभागी नव्हे. पेटी भिंतीशी टेकवून रुंद लाकडी ठोकळ्यांवर ठेवावी. मूल ताठ उभे राहून हात खाली सोडील, तेव्हा त्याच्या मनगटाशी फळी यावी, एवढी उंची पुरे. काम नसताना फळी जमिनीवर टेकवू नये. ओल व वाळवी यांपासून तिला दूर ठेवावे.

फळ्या कापून उरलेल्या तुकड्यांतून २५ × २० सेंमीची एक छोटी पाटी करावी. तिच्या एका कडेला खालून व समोरच्या कडेला वरून एकेक पट्टी मारावी. खालची पट्टी कामफळीच्या कडेला अडते, वरची लाकडाला अडवते. करवत चालविताना लाकूड हलत नाही आणि मुलाचा डावा हात सुरक्षित राहतो.

बंधुभगिनींनो, या कामात मोजणे आहे, क्षेत्रफळ आहे, काटकसर आहे. म्हणून ते सुतारावर सोपवू नका. तक्ता कापून आणल्यावर पुढचे सारे मुलांकडून करवून घ्या. पट्टी थोडी तिरपी बसली तरी चालेल. पुढील परिषदेस येताना आपल्या फळीवरचा वापरलेला हार्डबोर्ड बरोबर आणावा, एवढीच विनंती. ज्यावर ओरखडे अधिक, त्या शाळेचे अभिनंदन आपण सर्वांनी मिळून करू.